म्हातारीचं खारं पाणी

३ मार्च

दादा,

नमस्कार शेवटी करते, आधी कामाचं. तुझी हत्यारांची पेटी अजून आहे की वहिनीने भंगारात घातली? असेल तर तिला तेल लाव आणि इकडे ये. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुला मुंग्या वाटतात, म्हणून पत्र लिहितेय.

आमचं मत्स्यालय बंद होतंय. इमारत पाडणार आहेत, तीस एप्रिलला कुलूप. मासे सगळे मार्गी लागले. दुसऱ्या शहरांतून लोक आले आणि पिंपं भरभरून घेऊन गेले. राहिली फक्त म्हातारी.

तुला म्हातारी माहीत आहे, पण वहिनी वाचत असेल तर तिच्यासाठी सांगते. ते समुद्रफूल आहे. फूल नुसतं नावाला, खरं म्हणजे प्राणी: दगडाला पाय रोवून बसायचं आणि बोटांएवढ्या शेकडो सोंडा हलवत खायचं. मी नोकरीला लागले तेव्हा ती आधीपासून तिथे होती. सव्वीस वर्षं मी तिला माझ्या हाताने भरवतेय. पूर्ण उमलली की परातीएवढी होते. तिच्या सोंडांमध्ये जोकर माशांची एक जोडी राहते, बायको थोराड आणि नवरा किरकोळ, अगदी तुमच्या घरासारखं.

तिला कुणी घेत नाही. वय फार, आकार फार, हलवली की मरेल, असं जो तो म्हणतो. ज्याला तीस तारखेपर्यंत जागा मिळणार नाही त्याचा 'निकाल लावावा' असं कागदावर आलंय. निकाल कसा लावतात ते मला चांगलं माहीत आहे, कारण तो मलाच लावायचाय. माझ्याच्याने ते होणार नाही, दादा. मी साहेबांना तसं सांगितलं आणि त्यांच्यासमोर रडलेसुद्धा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून ती आमच्या घरी येणार. बैठकीच्या खोलीत आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच काचेची टाकी. भिंतीपलीकडची कपडे धुण्याची खोली रिकामी करून तिथे बाकीचं सगळं: खालची टाकी, पंप, फेस काढायचं यंत्र, पाणी गार ठेवायचं यंत्र, मीठ कालवायचं पिंप. ह्यांनी विचारलं, "मग कपडे कुठे धुवायचे?" मी म्हटलं, "तुम्ही घालायचे कमी करा."

ती मला फक्त सांभाळायला मिळणार आहे. दर तीन महिन्यांनी साहेबांच्या कार्यालयात अहवाल द्यायचा, बरं-वाईट झालं तर कारण लिहायचं.

आता एकच नियम, आणि तो तू दोनदा वाच. पाण्याला धातू लागता कामा नये. स्क्रू नको, नट नको, तांबं-पितळ तर स्वप्नातही नको. पाइप, सांधे, व्हॉल्व्ह, सगळं प्लास्टिक.

ये. माझ्याकडे दुसरं कुणी नाही ज्याच्या हाती हे सोपवून मी स्वस्थ बसेन.

चिमी

९ मार्च

चिमे,

पेटीला तेल लावलं. वहिनी म्हणाली, "बहिणीने बोलावलं की गुडघे दुखायचे थांबतात वाटतं." मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा.

एक तारखेला पोचतो. वीस तारखेला परत निघायला हवं, कारण बावीसला वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मधल्या दिवसांत तुझी खोली उभी करून देतो. मी चाळीस वर्षं लोकांच्या घरात पाणी खेळवलं, तुझ्या म्हातारीच्या घरात नाही खेळवणार होय?

प्लास्टिकचं म्हणशील तर माझा त्या आट्यांवर काडीचा विश्वास नाही. आवळलं तर फुटतं आणि सोडलं तर गळतं. पण घर तुझं, टाकी तुझी, हुकूमही तुझाच.

एक अट माझीही. काम चालू असताना मागे उभं राहून तपासायचं नाही. तू चौथीत होतीस आणि मी दहावीत, तेव्हा माझ्या वहीतली बेरीज तपासून तू चुकीभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होतास. मास्तरांनी वर्गात विचारलं, हा गोल कुणाचा? मी अजून ते विसरलो नाही.

दादा

२८ एप्रिल

दादा,

वहिनीचा डोळा कसा आहे? पट्टी काढल्यावर तिने तुला नीट बघितलं आणि पुन्हा बांधा म्हणाली, असं ह्यांचं म्हणणं आहे.

म्हातारी आली! पंचवीसला सकाळी साहेबांची गाडी आली. दगडासकट तिला पिंपात ठेवलं होतं आणि मी शेजारी बसून सबंध रस्ताभर पिंपाला धरून होते. टाकीत सोडल्यावर पहिले सहा तास ती आक्रसून बसली. मी खुर्ची टाकून समोर. ह्यांनी जेवायला हाका मारल्या, मी उठले नाही. दुपारनंतर एक सोंड बाहेर आली, मग दहा आणि मग सगळ्या. जोडी धावत जाऊन तिच्यात घुसली. मला रडू आवरेना.

मत्स्यालयातलं जुनं पाणी आणि जुने दगड आणल्यामुळे टाकी लगेच रुळली. तुझी खोली तर बघत राहावी अशी झालीय. पांढरे पाइप सरळ रेषेत, प्रत्येक व्हॉल्व्हवर तुझ्या अक्षरात चिठ्ठी, जमिनीला उतार, पंपाखाली रबर. काल वीज गेली. मी धावत गेले, कारण वीज गेली की वरच्या टाकीचं पाणी पाइपातून उलटं खाली येतं आणि खोलीभर होतं. एक थेंब आला नाही. तुझ्या त्या उलटं पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हला मी सलाम ठोकला.

साहेब खोली बघायला आले होते. म्हणाले, "बाई, कुणी केलं हे?" मी म्हटलं, "माझ्या भावाने." फार बरं वाटलं सांगताना.

चिमी

४ मे

चिमे,

वहिनीचा डोळा झकास. तिला आता माझ्या शर्टावरचे डाग दिसायला लागलेत, म्हणजे माझेच दिवस वाईट.

साहेबांनी विचारलं हे वाचून छाती फुगली. वहिनीने पत्र शेजारणीला वाचून दाखवलं.

एक लक्षात ठेव. त्या व्हॉल्व्हभोवती मी काळं फोमचं आवरण गुंडाळून पट्टी मारलीय. पंपाची थरथर पाइपाला लागू नये म्हणून ते आहे. उगाच सोडू नकोस. साफसफाईच्या नादात तुला सगळं उसवायची सवय आहे. ते तसंच राहू दे.

म्हातारीला माझा नमस्कार सांग.

दादा

१९ मे

दादा,

काहीतरी बिघडलंय.

दहा दिवसांपूर्वी काचेवरच्या गोगलगायी खाली पडायला लागल्या. आधी दोन, मग चार, एका आठवड्यात अकरा. मग झिंगे गेले, पाचच्या पाच. मासे मात्र ठणठणीत आहेत, दोन वेळा हादडतात. आणि म्हातारी नीट उमलत नाही. सोंडा आखूड झाल्यात, टोकं सुरकुतलीत, तोंड उघडं पडतं. समुद्रफुलाचं तोंड उघडं राहणं हे चांगलं लक्षण नाही, दादा. मी इतरांची बघितलीत.

मी सगळं तपासलं. खारेपणा तीनदा मोजला. तापमान, घाणीचं प्रमाण, चुन्याचं प्रमाण, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. बिनकण्याचे प्राणी मरतात आणि मासे जगतात म्हटल्यावर पहिली शंका धातूची येते. तांबं असलं की असंच होतं, अगदी असंच. पण तांबं तपासायचे माझे थेंब जुने झालेत आणि नवे यायला तीन आठवडे लागतील, असं दुकानदार म्हणतो.

म्हणून तुलाच विचारते. त्या खोलीत पाण्याला लागेल असा कुठे एखादा धातूचा तुकडा राहिलाय का? एखादा स्क्रू, वायसर, काहीही? मी रागावणार नाही. एका ओळीत उत्तर दे, पण लगेच दे. आठवड्यात ती अर्धी झालीय.

चिमी

२४ मे

चिमे,

तू सांगितलंस तसंच सगळं केलंय. ही घे एक ओळ.

आता दुसरी. एवढं राबून खोली उभी करून दिली आणि पहिल्या अडचणीला बोट माझ्याकडे? मी काही काल पाना धरायला शिकलो नाही. तू मिठाची कंपनी बदललीस का ते बघ. भिंतीला नवीन रंग दिलाय, त्याचा वास पाण्यात उतरत असेल. मेव्हणे फवारा मारतात का डासांचा? आधी घरात बघ आणि मग पाइपांकडे ये.

आणि म्हातारी शेवटी म्हातारीच आहे. वय झालं की भूक कमी होते. माझीही झालीय.

काळजी करू नकोस. सावरेल.

दादा

१ जून

दादा,

रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हाच मी वहीतला धातूचा मुद्दा खोडून टाकला. तू नाही म्हणालास म्हणजे नाही. तुझ्यावर बोट नव्हतं ठेवलं, मी बुडतेय आणि हाताला लागेल ते धरतेय.

फवारा बंद केला. रंग खरवडून काढला, बैठकीची भिंत आता कुत्र्याने चावल्यासारखी दिसते. मीठ बदललं. गेले दोन आठवडे एक दिवसाआड तीनशे लिटर पाणी कालवते आणि बदलते. बदललं की दुसऱ्या दिवशी ती थोडी उमलते, माझ्या जिवात जीव येतो. तिसऱ्या दिवशी परत आक्रसते. असं पाच वेळा झालं. पाच वेळा मला वाटलं की वाचली.

म्हणजे ताजं पाणी चांगलं आहे. ते घरात आल्यावर काहीतरी त्यात मिसळतं. परवा ते मला सापडलं.

माझे हात, दादा. फेब्रुवारीपासून मिठाने माझ्या हातांना भेगा पडल्यात आणि डॉक्टरांनी मलम दिलंय. सकाळ-संध्याकाळ लावते. आणि त्याच हातांनी मी तिला भरवते, कोपरापर्यंत पाण्यात घालून. धुवून घालते, पण मलम धुऊन जातं थोडंच? मत्स्यालयात नवीन मुलींना पहिल्याच दिवशी मी बजावायचे की हाताला काही लावून पाण्यात हात घालायचा नाही. आणि स्वतः चार महिने तेच करतेय. तिथली टाकी प्रचंड होती, म्हणून निभावलं असेल. इथे नाही निभावलं.

मी तिला विष भरवत होते. स्वतःच्या हाताने.

मलम फेकलं. आता तिला हात लावत नाही, प्लास्टिकच्या काठीला तुकडा लावून देते. ती घेत नाही. तिला काठीची सवय नाही. काठी लागली की अंग चोरते.

हे म्हणतात, तू जेव. मी जेवते. मग खोलीत जाऊन बसते. तिथे पंपाचा आवाज एकसारखा येतो आणि तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या दिसतात, तेवढं एक बरं वाटतं.

तुझी चिमी

८ जून

दादा,

तुझं पत्र नाही. वहिनीच्या डोळ्याचं काही निघालं का?

म्हातारी माझ्या मुठीएवढी झालीय. जोडी तिच्यात शिरायला बघते, तर तिच्यात जागाच नाही. दोघं बाजूला पोहत राहतात.

मलम बंद करून नऊ दिवस झाले. फरक नाही. म्हणजे जे व्हायचं ते आधीच होऊन गेलंय. साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या हातून असं होईल असं वाटलं नव्हतं." ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी ठरवलंय. ती गेली की हे सगळं मोडायचं. टाकी, खोली, पंप, सगळं. मासे कुणाला तरी देईन. माझे हात आता या कामाचे राहिले नाहीत. सव्वीस वर्षं लोक माझ्याकडे शिकायला यायचे आणि मी साधी पहिल्या दिवसाची गोष्ट विसरले. मोडायला तू येशील का? तूच बांधलीस म्हणून विचारते. अनोळखी माणसाने पाइप कापलेले मला बघवणार नाहीत.

काहीतरी लिही. दोन ओळी चालतील.

चिमी

१२ जून

चिमे,

हे पत्र आधी शेवटपर्यंत वाचू नकोस. आधी खोलीत जा. पंपाच्या वरच्या पाइपावर काळं आवरण आहे ते काप. आतला व्हॉल्व्ह पितळेचा आहे. पंप बंद कर, व्हॉल्व्ह काढून फेक आणि मग येऊन बाकीचं वाच.

काढलास? आता ऐक.

एकोणीस एप्रिलला संध्याकाळी तू मत्स्यालयात दगड आणायला गेली होतीस. मी पाणी सोडून बघितलं. तुझा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह आट्यांमधून गळत होता. धार नव्हती, थेंब. मिनिटाला दोन. तीन वेळा उघडून पट्टी गुंडाळली, तरी थेंब येतच होता. दुसरा आणायला दुकानं बंद झालेली आणि सकाळी माझी गाडी. माझ्या डोक्यात एकच आलं. हा निसटला तर वीज गेल्यावर सगळं पाणी खाली येणार, आणि त्या खोलीत विजेची सहा बटणं आहेत, आणि तू अनवाणी धावत जाणार. तुझी ती सवय मला माहीत आहे. माझ्या पेटीत त्याच मापाचा पितळेचा नवा व्हॉल्व्ह होता. भरीव, वजनदार, पन्नास वर्षं हलणार नाही असा. मी तो बसवला. थेंब थांबला. वरून आवरण घातलं, ते थरथरीसाठी नव्हतं. तुला दिसू नये म्हणून होतं.

तू परत आलीस तेव्हा सांगणार होतो. तू दगडांच्या बादल्या घेऊन दारातूनच विचारलंस, "सगळं प्लास्टिकच आहे ना?" मी हो म्हणालो. मला वाटलं, अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणी पितळेतून जातं, माणसं मरत नाहीत, तर एवढ्याशा तुकड्याने काय होणार. आणि खरं सांगायचं तर मला तुझा लाल गोल नको होता. पासष्ट वर्षांच्या माणसाला धाकट्या बहिणीची भीती वाटली. लाज वाटते लिहायला.

तुझं एकोणीस मेचं पत्र आलं तेव्हा मला कळलं होतं. चिमे, मला तेव्हाच कळलं होतं. तरी उलट तुझ्यावरच गुरगुरलो. ज्याच्या मनात चोर असतो तो आधी ओरडतो. मग मलमाचं पत्र आलं. ते वाचून ताटावरून उठलो. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. स्वतःला सांगत होतो, पितळेचं नसेलही, मलमाचंच असेल. काल तुझं आठ तारखेचं पत्र आलं, तसा उठून इथल्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, खाऱ्या पाण्यात पितळेचा व्हॉल्व्ह चालतो का? तो हसला, म्हणाला, "कुठल्या गाढवाने बसवलाय?" मी म्हटलं, मी.

तुझ्या हातांनी काही केलेलं नाही. मलमाने काही केलेलं नाही. मी केलंय.

वहिनी म्हणते, आत्ता फोन लावते आणि सांगते. मी तिला लावू दिला नाही. हे दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये असं वाटलं. माझा गुन्हा, माझ्या अक्षरात.

दादा

२० जून

दादा,

तुझं पत्र सोळाला दुपारी आलं. म्हातारी चौदाला सकाळी गेली.

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि खोलीत जाऊन आवरण कापलं. व्हॉल्व्ह आतून हिरवा झाला होता. हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसले. मग बाकीचं वाचलं.

बारा तारखेला ती दगडाला धरून होती. तेराला पण होती. वहिनीने बाराला फोन केला असता तर तासाभरात मी तिला स्वच्छ पाण्यात काढलं असतं. कदाचित तरीही वाचली नसती. ते आता मला कधीच कळणार नाही. तुझा गुन्हा तुझ्या अक्षरात मला हवा होता असं कुणी सांगितलं तुला? मला ती हवी होती. ते पत्र चार दिवस टपालात पडून होतं, आणि तेही तू स्वतःच्या मानासाठीच केलंस. त्याचा राग व्हॉल्व्हपेक्षा जास्त आहे.

आणि हात. शेवटचे दोन आठवडे मी तिला हात लावला नाही. सव्वीस वर्षं ती माझं बोट ओळखायची. पाण्यात हात घातला की सोंडा माझ्या बोटांकडे वळायच्या. ज्या दिवसांत तिला सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा मी काठी पुढे केली, कारण मला वाटलं माझे हात विषारी आहेत. हे मी तुला कसं माफ करायचं ते मला माहीत नाही. प्रयत्न करून बघितला, झाला नाही. सध्या येऊ नकोस.

लोक म्हणतात, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. मला म्हातारी मेल्याचंच दुःख आहे.

पंधराला मी अहवाल पाठवला होता. कारण: देखभाल करणाऱ्या व्यक्तीची चूक. तुझं पत्र आल्यावर हे म्हणाले, "आता बदल तो. तुझ्या नावावर कशाला?" तीन दिवस विचार केला. बदलला नाही. मत्स्यालयात कुठलाही कारागीर येऊन गेला की मी त्याचा एकेक सांधा हात लावून बघायचे. साहेबांनी स्वतः बसवलेलं यंत्रसुद्धा मी खोलून बघितलं होतं. तुझं काम बघितलं नाही. तू गेल्यावर महिनाभर मी त्या खोलीत रोज चार वेळा जात होते, काळं आवरण डोळ्यांसमोर होतं, आणि गोगलगायी मरत होत्या. कापायला एक मिनिट लागलं असतं. नाही कापलं, कारण ते तू घातलं होतंस. अहवालातलं कारण खरंच आहे. फक्त ती चूक मलमाची नव्हती.

जोडी जिवंत आहे. दोघं आता पाणी येतं त्या पाइपाच्या तोंडाशी राहतात आणि अंग घासतात. तिथे त्यांना गुदगुल्या होत असाव्यात. म्हणून टाकी मोडायचं रद्द केलं. पाणी स्वच्छ करायचं काम चालू आहे, महिना-दीड महिना लागेल.

व्हॉल्व्हच्या जागी तू काढलेला तो प्लास्टिकचा होता ना, कपाटाच्या मागे टाकलेला, तोच बसवला. मी स्वतः. तू म्हणालास तसा गळतो. मी पण तीन वेळा पट्टी गुंडाळून बघितली, थेंब येतोच. मिनिटाला दोन. मग खाली एक वाटी ठेवली. सकाळी आणि संध्याकाळी ओतून टाकते. काही होत नाही, दादा. एवढंच करायचं होतं. मला म्हणायचं होतंस की चिमे, गळतोय, खाली वाटी ठेव.

चिमी